सूर्यास्ताच्या आत

बॅटरीचं पाणी मागितलं की
उद्यमनगरातला दस्तगीर विचारायचा, गाडी कुठली?
तिसऱ्या महिन्यात मी खरं सांगून टाकलं:
झाड आहे. किडेमुंग्या खातं.
त्यानं पाच लिटरचा कॅन काउंटरवर ठेवला,
माझ्याकडं बघितलं,
आणि सुट्टे पैसे मोजताना एकदा चुकला.

पहिलं रोप आक्कानं मायेनं मारलं.
नळाचं पाणी, वर शेणखताची मूठ,
"उपाशी दिसतंय रं, भूपाल."
आठवड्यात मुळं काळी.
याला उपाशीच ठेवायचं असतं, आक्का.
माती नको. नुसता नारळाचा काथ्या,
कोळशाचे तुकडे, वाळकं शेवाळ.
खायचं ते त्याचं ते बघतं.
"म्हंजे काय खातं?"
मी अडतीवरचा गुळाचा भाव सांगितला.

दुसरं केरळातून आलं,
कुणालाच न वाचता येणाऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून.
त्याला न्हाणीघराच्या खिडकीत जागा दिली,
कारण चैत्रात शाहूपुरीची हवा
पापडासारखी कडकडते,
आणि घरात वाफ म्हणजे
आम्हा दोघा भावंडांच्या आंघोळीची, तेवढीच.
भोवती गोणपाट टांगलं. दिवसातून चारदा भिजवलं.
पानाच्या टोकाला तणावा यायचा,
तणाव्याच्या टोकाला मसुरीएवढी गाठ,
आणि गाठ तिथंच वाळून जायची.
पाच महिने. सात पानं.

आठव्या पानाची गाठ वाळली नाही.
ती फुगली, खाली लोंबली, मग वर वळली,
करंगळीएवढी झाली:
झाकण घट्ट लावलेली सुरई.
चिमटीत धरून हलवली तर आत पाणी डुचमळलं.
"कुणी ओतलं?"
कुणी नाही.
"पावसाचं?"
झाकण बंद आहे अजून, बघ की.
साठ वर्षं घागरीच्या तोंडाला फडकं बांधून
पाणी गाळत आलेली माझी बहीण
त्या दोन चमचे पाण्याकडं बघत उभी राहिली,
ज्यात तिला गाळण्यासारखं काही नव्हतं.

मग झाकण उघडलं.
काठ तांबडा, ओलसर,
ताज्या काकवीसारखा चकचकीत.
आमच्या खाली गुळाचं गोदाम.
तिथले रवे सोडून मुंग्या
दोन मजले चढून वर आल्या,
कशाला, ते त्यांनाच ठाऊक.
काठ चाटत चाटत एक आत गेली.
तिच्या मागची थांबली जराशी,
मग तीही.
आक्कानं पाहिलं.
मला वाटलं, आता कुंडी गच्चीवरून खाली.
पण ती स्वयंपाकघरात गेली
आणि त्या दिवशी भाकरी अर्धीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी, ऊन समोरच्या पत्र्यावरून उतरायच्या आत,
तिनं जुन्या गाळणीची चिंधी फाडली,
सुरईच्या तोंडावर सैल दोऱ्यानं बांधली.
"आपल्या घरात रातचं कोण जेवत न्हाई."
आणि दिवसा?
"दिवसाचं त्याचं त्याला."
गाठ मात्र अशी मारली होती
की सकाळी एका ओढीत सुटावी.

आता सुरया पाच, चिंध्या पाच.
पहिली सुरई केव्हाच तपकिरी होऊन वाळली.
ती कापताना मी आक्काला बाहेर पाठवलं,
दूध आणायला.
आत मुंग्यांची डोकी, एक पंख,
आणि चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी.
कुंडीतच पुरलं.
दस्तगीर हल्ली विचारतो, काय म्हणते गाडी?

काल ती भाचीकडं गेली, जयसिंगपूरला.
जाताना म्हणाली, दार नीट लाव, गॅस बघ.
चिंध्यांचं काही बोलली नाही.
त्या दांडीवर वाळत होत्या,
आणि मी अडतीवरून आलो तेव्हा नऊ वाजून गेलेले.
न्हाणीघराचा दिवा लावला.
सगळ्यात मोठ्या सुरईच्या काठावर एकच मुंगी.
मी बोट पुढं केलं, टेकवलं,
पूल व्हावा इतपत.
मिशा हलवून तिनं नख तपासलं.
दिवसभर गुळात वावरलेलं नख.
मग वळली,
आणि चाटायला लागली काठ.

मी बोट काढलं नाही.
ती खाली बघत नव्हती.